नवस नसलेल्या प्रदक्षिणा

माझ्या प्रदक्षिणा देवासाठी नव्हत्या, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर लालबागच्या बायका हे वाचून म्हणतील, बघा, दत्तानं हिला कशी बरी केली. दत्तावर माझा राग नाही. त्यानं मला त्याच्या अंगणात फिरू दिलं. पण मला बरी केली ती सुयांनी, पुड्यांनी, चालण्यानं आणि माझ्या सासूनं. त्यातली सासू आता नाही, म्हणून लिहायला बसले आहे.

मी मूळची गिरगावची. खोताच्या वाडीच्या मागच्या चाळीत वाढले, सातवीची व्हर्नाक्युलर फायनल झाले आणि लग्न होऊन लालबागला एका खोलीच्या संसारात आले. हे गिरणीत साच्यावर, कापड विणायला. सासू मालवणकडची, उंच, काळीसावळी, आवाज असा की गॅलरीच्या या टोकाला बोलली तर त्या टोकाची बाई उत्तर द्यायची. आम्हा तिघांची ती खोली. मी सकाळी बालवाडीत शिकवायला जायचे. तोंडाने मी पहिल्यापासून फटकळ. पण ज्या एका ठिकाणी तोंड उघडायला हवं होतं, तिथे मी मूग गिळून बसले. तेच सांगायचं आहे.

फोटोचा दिवस

दिवाळीपासून खोकला होता. प्रत्येकाकडे त्याचं कारण तयार होतं. बालवाडीतल्या बाई म्हणाल्या, खडूची धूळ. शेजारीण म्हणाली, आंबट खाता फार. सासूबाईंनी अडुळशाचा काढा पाजून पाजून माझी जीभ हिरवी केली. संध्याकाळी अंग कोमट व्हायचं, पदराखाली कुणाला कळायचं नाही. मीही कळू दिलं नाही.

जानेवारीत, संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्च्यांवर गोळीबार झाला त्या दिवसांत, खोकल्याबरोबर रक्त आलं. ट्राम बंद, बस बंद, दुकानांच्या फळ्या लावलेल्या. परळच्या दवाखान्यापर्यंत आम्ही चालत निघालो. हे पुढे, मी मागे. कोपरा आला की मी थांबायची, हे वळून बघायचे, मग मी पदर सारखा केल्यासारखं करायची. एका कोपऱ्यावर पोलीस उभे होते. त्यातला एक ओरडला, “ए बाई, थांबायचं नाही!” मनात म्हटलं, अरे बाबा, पाय माझं ऐकत नाहीत, ते तुझं काय ऐकणार?

छातीचा फोटो काढला. डॉक्टरांनी तो खिडकीला धरला आणि जे काही सांगायचं ते ह्यांना सांगितलं, इंग्रजी-मराठी मिसळून, हळू आवाजात. मी शेजारीच बसले होते. माझी छाती, माझा फोटो, आणि मला कुणी एक अक्षर विचारीना. बाहेर आलो. एका बंद दुकानाच्या पायरीवर एक म्हातारा मोसंबी घेऊन बसला होता, त्याच्याकडून ह्यांनी सहा मोसंबी घेतली. आमच्या घरी फळ यायचं ते देवासाठी नाहीतर मरणाऱ्या माणसासाठी. त्या दिवशी एकादशी नव्हती.

“क्षय ना?” मी विचारलं.

“बरा होतो आता,” हे म्हणाले. “सुया निघाल्यात.” आणि मोसंब्यांची पिशवी त्यांनी या हातातून त्या हातात घेतली, परत त्या हातातून या हातात घेतली.

शेजारची खाट

इस्पितळात पाच महिने होते. सकाळी उजाडायच्या आत काखेत थर्मामीटर, मग सुई, मग कडूझार पुड्या, मग नुसतं पडून राहणं. उठायचं नाही, मोठ्याने बोलायचं नाही, हसायचं तर मुळीच नाही. माझ्यासारखीला ही शिक्षा होती. शेजारच्या खाटेवर रोझीबाई होत्या, खोताच्या वाडीतल्या, म्हणजे माझ्या माहेरच्याच म्हणायच्या. लहानपणी त्यांच्या ओट्यावरचे जांब आम्ही चोरायचो. मी हे सांगितल्यावर त्या म्हणाल्या, “तूच ती काय! मी पंधरा वर्षं दुसऱ्याच पोरीला शिव्या देते.” आणि आम्ही दोघी तोंडावर उशी धरून हसलो, तर सिस्टर धावत आली.

इस्पितळात सगळ्यात वाईट वेळ म्हणजे भेटीची वेळ संपल्यानंतरची. हे रविवारी यायचे, खाटेच्या पायथ्याशी उभे राहायचे, मोर्च्यांच्या बातम्या सांगायचे. सासूबाई घरच्या घावन्यांचा डबा पाठवायच्या. ती माणसं गेली की वॉर्डातल्या वीस बायका वीस दिशांना तोंड करून पडायच्या. कुणी कुणाकडे बघायचं नाही, असा न बोलता ठरलेला नियम होता.

रोझीबाई जूनमध्ये गेल्या. मी सकाळी जागी झाले तेव्हा त्यांची गादी बाहेर उन्हात टाकलेली होती. मला रडायलाही मनाई होती, कारण रडलं की खोकला येतो. मी भिंतीकडे तोंड करून पाढे म्हणत पडले. बालवाडीची सवय, दुसरं काही सुचेना.

त्याच आठवड्यात आमच्या डॉक्टरीणबाईंनी मला खोलीत बोलावलं. या बाई मात्र माझ्याशीच बोलायच्या. म्हणाल्या, छाती सुधारते आहे, पण आजार गर्भाच्या पिशवीपर्यंत पोचला होता. लग्नाला पाच वर्षं होऊन मूल नाही ते त्यामुळेच, आणि आता होणारही नाही. मी विचारलं, नक्की? त्या म्हणाल्या, “खोटी आशा देऊ का?” मी म्हटलं, नको. मग त्यांनी मला बसवून ठेवलं, चहा मागवला. स्वतःच्या कपातला अर्धा मला बशीत ओतून दिला. आजारी बाईला कुणी आपल्या कपातलं देत नाही, ते त्यांनी दिलं, हे मी कधी विसरणार नाही.

ह्यांना मी पुढच्या रविवारी सांगितलं. ह्यांचा चेहरा एकदम म्हाताऱ्यासारखा झाला. मग एवढंच म्हणाले, “आयेला सांगू नको.”

कुठला व्यायाम?

घरी आले आणि तिसऱ्या मजल्यावर चढताना तीनदा जिन्यात बसले. माझ्याहून वीस वर्षांनी मोठ्या बायका पाण्याच्या कळश्या घेऊन मला ओलांडून जात होत्या. आजार गेला होता, पण माणूस परत आलं नव्हतं. एक वाक्य पुरं करायला मला दोन श्वास लागायचे. फटकळ बाईचं यापेक्षा जास्त हसं काय व्हायचं?

दिवाळीनंतर तपासणीला गेले तेव्हा डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “आता व्यायाम निवड. छाती भरून श्वास जाईल असा. रोज थोडा थोडा वाढवायचा.”

व्यायाम म्हटल्यावर चाळीत तज्ज्ञांची काय कमी! खालच्या तालमीतले वस्ताद ह्यांना म्हणाले, वहिनींना पाच बैठका सुरू करा, आठ दिवसांत मांडी भरेल. माझ्या मांडीचं तुम्हाला काय करायचंय, असं मी आतून म्हटलं तर दोन दिवस चाळ हसत होती. गिरगावहून माझा भाऊ आला, तो म्हणाला सूर्यनमस्कार. बाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, जोर लावायचा नाही, श्वास कोंडायचा नाही. दंड, बैठका, वजन उचलणं तुझं नव्हे. पोहणं उत्तम. मी त्यांच्याकडे बघतच राहिले. लालबागच्या चाळीतली सून, नऊवारीत, पोहायला! सायकल? त्यावर आम्ही दोघीही हसलो.

“मग चाल,” त्या म्हणाल्या. “भराभर चाल, थांबत थांबत नाही. दम लागला पाहिजे, पण चालता चालता बोलता आलं पाहिजे. वाक्य मध्येच तुटलं की समज, जास्त झालं. तिथेच थांबायचं. आणि पोटात काहीतरी घालून निघायचं.”

इतकं सोपं. पण चालायचं कुठे? आमच्याकडे बाई रिकाम्या हाताने चालत नाही. पिशवी असली तर बाजार, कळशी असली तर नळ, डबा असला तर गिरणीचा दरवाजा. नुसतीच चालणारी बाई बघितली की लोक विचारतात, काय हो, घरात भांडण झालं का? पहिल्या दिवशी मी पिशवी घेऊन निघाले, तर तीन बायकांनी कांदे आणायला सांगितले. दुसऱ्या दिवशी गॅलरीत फेऱ्या मारल्या, तर लोकांच्या जेवणाच्या ताटांवरून माझा पदर जायला लागला. तिसऱ्या दिवशी दत्ताच्या देवळात गेले.

देऊळ गल्लीच्या आत होतं. मागे मोठा औदुंबर, आणि देऊळ-झाड मिळून भोवती फरसबंदी वाट. एक फेरी म्हणजे साठ पावलं. सकाळी तिथे बायका फिरत असायच्याच, आणि कुणी कुणाला विचारत नव्हतं की बाई, का फिरतेस? मी पाच फेऱ्या मारल्या आणि कट्ट्यावर बसले. आयुष्यात पहिल्यांदा मला व्यायामशाळा सापडली होती.

चिंचोके

वाक्य तुटतं का हे बघायला मी पाढे म्हणायची. ओठांतल्या ओठांत, एकोणिसाचा पाढा, कारण तो अवघड. एकोणीस पंचे पंच्याण्णवला अडखळले की थांबायची. बघणाऱ्यांना वाटे जप चाललाय. पंधरवड्यात बातमी चाळीत पोचली की सुनेनं औदुंबराच्या प्रदक्षिणा धरल्यात. आणि सून, लग्नाला पाच वर्षं झालेली, औदुंबर म्हटल्यावर नवस कशाचा असणार, हे लालबागमध्ये कुणाला सांगायला लागत नाही.

सासूबाई त्या संध्याकाळी माझ्या शेजारी येऊन बसल्या. त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला. पाच वर्षांत पहिल्यांदा.

“माका सांगूक काय झालां तुका?” त्या म्हणाल्या. “मी येतंय तुझ्याबरोबर. मी मोजतंय. फेऱ्या चुकल्यो तर देव मानीत नाय.”

हा तो क्षण. तिथेच सांगायला हवं होतं. आई, हा नवस नाही, व्यायाम आहे, आणि मूल होणार नाही. एका श्वासात सांगून झालं असतं, तेवढा श्वास तेव्हा माझ्याकडे होता. पण ‘आयेला सांगू नको’ म्हणून ह्यांनी सांगितलेलं. आणि खरं सांगायचं तर तो डोक्यावरचा हात मला हवा होता. सकाळचं पाणी, चूल, डबा, सगळं त्यांनी आपल्या अंगावर घेतलं आणि मला म्हणाल्या, तू फक्त देवाचं कर. खोटं बोलून मला रोजचा एक तास मिळत होता. मी गप्प बसले.

मग रोज सकाळी आम्ही दोघी जायचो. त्या कट्ट्यावर बसायच्या, मांडीवर चिंचोक्यांची पुरचुंडी. मी समोरून गेले की एक चिंचोका डावीकडून उजवीकडे. पंचवीस झाल्या, चाळीस झाल्या, एक्कावन्न झाल्या. जिना मी न बसता चढायला लागले. त्यात एकदा हे सत्याग्रहात पकडले गेले आणि तीन आठवडे आत होते. घरात आम्ही दोघीच. संचारबंदीत देऊळ बंद झालं, तर सासूबाईंनी गॅलरीतल्या बायकांना दम भरला, “ताटां आत घेवा, सून येता!” आणि दारात बसून चिंचोके मोजले. मी जात-येत त्यांच्याकडे बघायची आणि त्या हसायच्या. त्या हसण्यानं मला आत कसं व्हायचं, ते ज्यांनी कुणाला प्रेमानं फसवलंय त्यांनाच कळेल.

श्रावणातला सोमवार

श्रावण आला तेव्हा त्यांनी जाहीर केलं. पहिल्या सोमवारी एकशे आठ, आणि तेही निर्जळी. पाणीसुद्धा नाही.

“एवढ्या नको,” मी म्हटलं.

“आता हात आखडतंस?” त्या म्हणाल्या. “इतक्या केल्यार काठावर येवन थांबतंत काय कोण?”

डॉक्टरीणबाईंनी पोटात घालून निघ म्हणून सांगितलं होतं. क्षयाच्या माणसाला उपास म्हणजे विष. हे मला ठाऊक होतं. पण ज्या नवसाला मी नाही म्हटलं नव्हतं, त्याच्या उपासाला नाही कुठल्या तोंडानं म्हणणार? निघाले.

साठपर्यंत ठीक होतं. सत्तरला एकोणिसाचा पाढा तुटला. मी बाराचा धरला. ऐंशीला बाराचा तुटला. मी बेचा धरला. थांबायचं होतं, पण समोर त्या उजवीकडची रास वाढताना बघत होत्या, आणि त्यांचे ओठ हलत होते. शहाण्णव का सत्त्याण्णव, आता आठवत नाही, तेव्हा फरशी वर आली. शुद्धीवर आले तेव्हा माझं डोकं सासूबाईंच्या मांडीवर होतं, सगळीकडे चिंचोके सांडले होते आणि माझ्या पदरावर रक्त होतं.

“देवा, माझां काय चुकला?” त्या म्हणत होत्या. “माझा मोजप चुकला काय रे?”

मी तिथेच सांगितलं. तुटक तुटक, दोन दोन शब्द करून. नवस नव्हता. चालायला सांगितलं होतं. मूल होणार नाही. कधीच नाही.

त्यांनी माझं डोकं मांडीवरून काढलं नाही. पण त्यांचा हात थांबला. “आठ म्हयने,” त्या म्हणाल्या. 

पेज

परत इस्पितळ, सहा आठवडे. डॉक्टरीणबाईंनी मला अशी झाडली की वॉर्डातल्या बायका खाटेवर उठून बसल्या. “तुला चालायला सांगितलं होतं, मरायला नाही!” मग शांत झाल्यावर म्हणाल्या, घरातल्या सगळ्यांचे छातीचे फोटो काढून घ्या. परत रक्त पडलंय, एका खोलीत राहता.

हे दुसऱ्या दिवशी जाऊन फोटो काढून आले. सासूबाई गेल्या नाहीत. परक्या पुरुषासमोर चोळी काढायची म्हणून नाही म्हणाल्या, असं ह्यांनी सांगितलं. बाईमाणूस असतं तिथे, एवढं सांगितलं असतं तर त्या गेल्या असत्या. पण मी कशी सांगणार? सहा आठवड्यांत त्या एकदाही मला भेटायला आल्या नव्हत्या. घावन्यांचा डबाही बंद झाला होता.

घरी आले तरी बोलणं नाही. मी जेवले की नाही हे त्या भिंतीला विचारायच्या. आठ दिवसांनी, ज्या सकाळी मी पुन्हा चालायला निघणार होते, त्या सकाळी मी चपला घालत होते, तर समोर पेजेचा वाडगा आदळला. वर लोणच्याची फोड.

“नवस नाय ना?” त्या म्हणाल्या. “मगे उपाशी कित्याक? जेव आणि मगे जा.”

मी पेजेत डोळे गाळत जेवले. अर्धी उरली, माझ्याच्यानं तेव्हा एवढी जात नसे. त्यांनी वाडगा माझ्या हातून घेतला आणि उरलेली तोंडाला लावली. इस्पितळातून येताना माझं ताट, माझा वाडगा वेगळा ठेवायला सांगितलं होतं. मी म्हटलं, “आई, तो माझा...” त्यांनी डोळे वटारले. “माझ्या घरात सुनेचां ताट वेगळां? मी मेल्यार कर.” आणि वाडगा बोटानं पुसून घेतला. आमच्याकडे भाताचं शीत टाकत नाहीत. शिवाय त्यांना मला सांगायचं होतं की राग संपला, आणि राग संपला हे सांगायची त्यांची हीच रीत होती.

मी दुसऱ्यांदा बोलले नाही. पुढे रोज माझी उरलेली पेज त्या प्यायल्या, आणि मला ते गोड वाटत राहिलं.

त्या दिवशी त्या चिंचोके घेऊन माझ्यामागून आल्या. मी म्हटलं, आता कशाला? “मोजूक कोणतरी व्हया ना,” त्या म्हणाल्या. देवळातल्या एका बाईनं विचारलं, काय आजी, नवस कधी फळणार? सासूबाई त्यांच्या त्या गॅलरीभर पोचणाऱ्या आवाजात म्हणाल्या, “नवस नाय गो. सून दम कमावता माझी.” सगळ्या बायका बघायला लागल्या. मला लाज वाटली नाही, इतकं बरं वाटलं.

बे पंचे

पुढची दोन वर्षं चांगली गेली. एकशे आठ फेऱ्या मी पोटभर पेजेवर केल्या आणि जिना कळशी घेऊन चढले. मी काय पुटपुटते हे कळल्यावर सासूबाई पोट धरधरून हसल्या. “आणि मी समाजलंय दत्ताचो मंत्र!” मग म्हणाल्या, माका शिकय. साठीतली बाई, अक्षराची ओळख नाही. मी त्यांना बे शिकवायला घेतला. कट्ट्यावर बसून चिंचोके दोन दोन मांडायच्या आणि म्हणायच्या, बे एके बे, बे दुणे चार. बालवाडीत मला परत घेतलं नव्हतं, पोरांजवळ क्षयाची बाई कशी चालेल? माझ्या वाट्याला ही एक विद्यार्थिनी आली.

त्या सकाळी मीच म्हटलं, आज माझ्याबरोबर एक फेरी मारा, पाढा म्हणत. थट्टेत म्हटलं. त्या कंबरेला पदर खोचून उठल्या. बे एके बे, बे दुणे चार, बे त्रिक सहा, बे चोक आठ, बे पंचे...

थांबल्या. औदुंबराला हात टेकला.

“दहा,” मी हसत म्हटलं. “विसरलात?”

“विसरलंय नाय,” त्या म्हणाल्या. आणि दहा म्हणायला त्यांना आणखी एक श्वास घ्यावा लागला.

मला वाक्य तुटण्याचा अर्थ माहीत होता. त्या वाटेवर तो माझ्याइतका कुणालाच माहीत नव्हता. मी त्यांच्याकडे नीट बघितलं. कित्येक महिन्यांत बघितलं नव्हतं, मी माझ्याच फेऱ्या मोजत होते. गळ्याची हाडं वर आलेली. चोळी सैल. रोज पहाटे नळावर सगळ्यांआधी का जातात, ते त्या क्षणी कळलं. नळाच्या आवाजात खोकला ऐकू येत नाही.

“किती दिवस?” मी विचारलं.

“चुलीचो धूर तो.”

“आई, किती दिवस?”

“गेल्या पावसापासून,” त्या म्हणाल्या. “दोघी खाटेर पडलंव तर घर कोण बघतला? तुझां चालणां बंद पडला असतां.”

या वेळी मी त्यांचा हात धरून नेलं. त्यांची चोळी मी स्वतः काढली, मी स्वतः समोर उभी राहिले. डॉक्टरीणबाईंनी फोटो खिडकीला धरला आणि त्या माझ्याशीच बोलल्या, नेहमीसारख्या. पण या खेपेला त्यांनी चहा मागवला नाही. दोन्ही बाजू गेल्या होत्या. मी विचारलं, माझ्यापासून? त्या म्हणाल्या, ते कुणी सांगू शकत नाही. गिरणगावात क्षय प्रत्येक जिन्यात आहे. वाडग्यापेक्षा एका बंद खोलीतला श्वास वाईट. मी म्हटलं, खोली पण माझीच होती. 

सुया दिल्या, पुड्या दिल्या. उशीर झाला होता. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात त्या गेल्या. शेवटच्या दिवसांत त्यांचा तो आवाज इतका बारीक झाला होता की मला कान तोंडाशी न्यावा लागे. एकदा म्हणाल्या, “चाललंस आज?” मी म्हटलं, नाही, तुम्हाला सोडून कशी जाऊ? तर चिडल्या. “जा. पेज जेवन जा.”

आठवड्याभरात महाराष्ट्र झाला. लालबाग नवरीसारखं नटलं, चाळीत घरोघर पेढे वाटले. आमच्या दारापर्यंत पोरं आली आणि सुतक आहे म्हणून पुढे गेली. ह्यांनी ज्या महाराष्ट्रासाठी लाठ्या खाल्ल्या त्याचा पेढा ह्यांनी खाल्ला नाही. आम्ही दोघं खोलीत बसून ढोल ऐकत राहिलो.

आता ज्या आजारी बायकांसाठी हे लिहिलं, त्यांना सांगते. बरं होता येतं, मी झाले. चाला, रोज चाला, पिशवी न घेता चाला, कुणी विचारलं तर खरं कारण सांगा. दम लागू द्या, वाक्य तुटू देऊ नका. आणि तुमचा फोटो निघाला त्याच दिवशी घरातल्या प्रत्येकाचा काढायला लावा. जी सासू नाही म्हणेल, तिला हात धरून न्या, ती तुमच्याशी बोलत नसली तरी न्या. मी तिचा रुसवा जपला आणि ती गमावली.

मी अजून रोज सकाळी पेज खाऊन देवळात जाते. मोजायला कुणी नाही, म्हणून चिंचोके कट्ट्यावर ठेवते आणि जाता-येता मीच एकेक सरकवते. एकोणिसाचा पाढा आता सोडलाय. पहिल्या फेरीला बेचा म्हणते, मोठ्याने, बायका बघतात तर बघू देत. औदुंबरापाशी आले की बे पंचे होतं. तिथे थांबत नाही. दहा म्हणते, पुढे बारा, चौदा, सोळा, अठरा, आणि कट्ट्यासमोर येईपर्यंत बे दाहे वीस. आईंचा राहिलेला पाढा एका दमात पुरा होतो, आणि मग मी माझ्या फेऱ्या सुरू करते.